पोपटी जॅकेट आणि घोट्यावरची पट्टी

पुण्याच्या एका वाचक भगिनी लिहितात : "माझे वय ३८. मी वारज्याला राहते आणि शिवाजीनगरला एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते. दिवाळीनंतर स्कूटर विकून सायकल घेतली. जाऊन-येऊन रोज अठराएक किलोमीटर होतात. परतताना साडेसात वाजून जातात. सध्या कुर्ता, लेगिंग आणि ओढणी घालूनच सायकल चालवते. यजमानांनी काळजीपोटी पोपटी रंगाचे झगझगीत जॅकेट आणले, तर मुलगी म्हणाली, 'आई, सिग्नलला उभी राहू नकोस, लोक तुला पावती फाडायला आलेली समजतील.' दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने जर्सी, पॅडची घट्ट पँट आणि पेडलमध्ये अडकणारे क्लिपचे बूट असे पंधरा हजारांचे सामान मांडले. माझ्याकडे आठ हजार रुपये आहेत. त्या घट्ट कपड्यांत सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभे राहण्याची कल्पनाही करवत नाही. हेल्मेटने केसांची वाट लागते. शोभेल आणि सुरक्षितही असेल असे काय घ्यावे, आणि आधी काय घ्यावे?"

सप्रेम नमस्कार.

दुकानदाराने मांडलेल्या सामानाचे वर्णन वाचून मला त्या भल्या माणसाचा राग आला नाही. त्याच्याकडे येणारे बरेचसे गिऱ्हाईक रविवारी पहाटे निघून लोणावळ्याला चहा पिऊन परतणारे असते आणि सव्वाशे किलोमीटरच्या त्या फेरीत त्याने दाखवलेली प्रत्येक वस्तू उपयोगी पडते. तुमचा प्रवास मात्र निराळ्या जातीचा आहे. तुम्ही ताशी १५ किलोमीटरच्या आसपास वेगाने, बस, रिक्षा आणि दुचाक्यांच्या मधून, दहा-बारा ठिकाणी थांबत जाता, परतीचा रस्ता अंधारात कापता आणि कार्यालयात पोहोचल्यावर लगेच चार लोकांसमोर बसता. त्यामुळे तुमच्या 'आधी काय' या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, जे कापड सायकलमध्ये अडकू शकते ते आधी आवरावे, मग मागून येणाऱ्याला आपण दिसू याची सोय करावी, त्यानंतर डोक्याकडे वळावे आणि जर्सी वगैरेंचा विचार लागलाच तर पुढच्या वर्षी करावा.

यातल्या पहिल्या कामाला एक पैसाही लागत नाही. ओढणी घरातून निघतानाच घडी करून पिशवीत ठेवा आणि कार्यालयाच्या जिन्यात खांद्यावर घ्या. पिन लावणे, मागे गाठ मारणे, कमरेला खोचणे हे सगळे उपाय मी करून पाहिलेले आहेत. विशीत असताना एका उतारावर माझी अशीच पिन लावलेली ओढणी सुटली, मागच्या चाकात गेली आणि काय झाले हे कळण्याआधी मी सीटवरून मागे खेचली गेले. कापड जुने होते म्हणून फाटले. मानेवरचा वळ आठ दिवस पदराखाली लपवून फिरावे लागले. मोठ्या माणसाच्या सायकलचे चाक एका फेऱ्यात दोन मीटरच्या वर अंतर कापते आणि तुमच्या वेगाला तो फेरा अर्ध्या सेकंदात पुरा होतो, त्यामुळे ओढणीचे टोक आऱ्यांत शिरल्यानंतर ब्रेक दाबायला सवडच मिळत नाही. कुर्ता गुडघ्याच्या वर संपणारा आणि दोन्ही बाजूंनी चिरा असलेला घ्या. पेडल मारताना तो मांडीवर चढत नाही आणि वाऱ्याने मागे फुगतही नाही. घेरदार अनारकली सणाला ठेवा.

दुसरा धोका उजव्या पायाला असतो, कारण साखळी त्या बाजूला असते. माझे वडील सायकलवर बसण्याआधी पँटचा उजवा पाय आवळून त्याला अर्धगोल पोलादी क्लिप लावत, आणि ती क्लिप आमच्या दाराजवळच्या खिळ्याला सायकलच्या किल्लीशेजारी टांगलेली असे. तुमच्या लेगिंगला क्लिपची गरज नाही, पण ज्या दिवशी सलवार किंवा पलाझो घालाल त्या दिवशी घोट्याला पट्टी बांधल्याशिवाय निघू नका, आणि तुमच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर बसत असेल तर ते बसवूनच घ्या. ही घोट्याची पट्टी ध्यानात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

आता तुमच्या यजमानांनी आणलेल्या पोपटी जॅकेटकडे वळू. तो रंग इतका झगझगीत दिसतो, कारण त्यातील रंगद्रव्य सूर्यप्रकाशातले, आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेते आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत सोडते. म्हणून पावसाळी, ढगाळ सकाळी किंवा अगदी तिन्हीसांजेला, जेव्हा बाकीचे रंग मलूल होतात, तेव्हा हा रंग उजळ राहतो. पण दिवस मावळला की त्याचा शिधाच संपतो. रस्त्यावरच्या दिव्यांमध्ये आणि गाड्यांच्या हेडलाइटमध्ये अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे तुम्ही साडेसातला परतता तेव्हा ते जॅकेट कुठल्याही फिकट कापडाइतकेच दिसते. जॅकेट घातले म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे तुम्हाला आणि त्यांनाही वाटत असेल तर ती समजूत त्या वेळेपुरती खोटी ठरते.

रात्रीचे काम रिफ्लेक्टरचे आहे. करड्या-रुपेरी दिसणाऱ्या त्या पट्टीत काचेचे अतिशय बारीक मणी किंवा प्लास्टिकचे सूक्ष्म लोलक असतात आणि त्यांच्यावर पडलेला प्रकाश इकडेतिकडे न विखुरता ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत जातो. म्हणजे गाडीच्या दिव्याचा प्रकाश थेट त्या गाडीच्या चालकाच्या डोळ्यांकडे. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. तुमचे सायकलचे सगळे कपडे, पिशवी आणि बूट सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका दोरीवर टांगा, दिवे बंद करा, तीस-चाळीस पावले मागे जा आणि मोबाईलचा टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्याच्या अगदी शेजारी धरून पाहा. टॉर्च छातीशी धरलात तर चकाकी पुरेशी कळत नाही, कारण परतणारा प्रकाश टॉर्चकडे जातो आणि डोळा बाजूला राहतो. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा ज्या महागड्या जॅकेटवर माझी भिस्त होती त्याची पाठीवरची छापील पट्टी धुऊन-धुऊन भेगाळली होती आणि ती काळीकुट्ट दिसली. ज्या साध्या वेल्क्रोच्या पट्ट्या मी पँट आवरायला म्हणून घेतल्या होत्या, त्या दोन निखाऱ्यांसारख्या पेटल्या. जॅकेटच्या बाबतीत तुमच्या घरीही असेच काही दिसले तर यजमानांना लगेच सांगू नका.

त्या पट्ट्या घोट्यावर असणे हे विशेष महत्त्वाचे आहे. पाठीवरची चकाकती पट्टी स्थिर असते आणि दुरून ती रस्त्याकडेचा खांब, कठड्यावरचा रिफ्लेक्टर किंवा उभी केलेली गाडी अशी काहीही वाटू शकते. पण दोन ठिपके आळीपाळीने वर-खाली होताना दिसले की पाहणाऱ्याचा मेंदू क्षणात ओळखतो की हा माणूस आहे आणि तो पेडल मारतो आहे. सांधे हलताना दिसले तर माणूस लवकर ओळखू येतो, हे या विषयावरच्या प्रयोगांतून पुन्हापुन्हा दिसून आले आहे. म्हणून दोन्ही घोट्यांना सुमारे दोन बोटे रुंदीची, पूर्ण वेढा घालणारी पट्टी बांधा. तिने सलवार आवरली जाते, रात्री तुम्ही दिसता आणि कार्यालयात पोहोचल्यावर ती काढून पर्समध्ये टाकली की तुमच्या पोशाखाला तिचा पत्ताही लागत नाही. पेडलच्या कडांना असलेले पिवळे रिफ्लेक्टर गळून पडले असतील तर तेही नवे बसवून घ्या.

रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या दिव्यावर जगतो. स्वतःचा दिवा हवाच. पुण्यात एके काळी दिवा नसलेली सायकल आणि डबलसीट हे पोलिसांचे आवडते गुन्हे होते आणि चौकात शिट्टी ऐकू आली की अर्धे शहर सायकलवरून उतरून सभ्यपणे चालू लागत असे. आता कोणी अडवत नाही, म्हणून निम्म्या सायकली बिनदिव्याच्या असतात. पुढे पांढरा आणि मागे लाल असे दोन चार्जिंगचे दिवे घ्या. वारज्यापर्यंतच्या दिवे असलेल्या रस्त्यांना पुढचा दिवा दोनशे ते चारशे ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे दिव्याच्या प्रकाशाचे माप) असला तरी पुरतो, मात्र तो खाली, पंधरा-वीस फुटांवरच्या रस्त्यावर पडेल असा कललेला असावा. समोरच्याच्या डोळ्यांत गेलेला दिवा त्याला आंधळे करतो आणि आंधळा झालेला माणूस तुमच्याच अंगावर येतो. मागच्या दिव्याबाबत एक चूक फार जण करतात. दिवा सीटखाली लावतात आणि वरून कुर्त्याची मागची बाजू, रेनकोटचा घोळ किंवा कॅरिअरवरची पिशवी त्यावर येते, आणि आठ दिवस आपण दिवा लावून अंधारात फिरत होतो हे कोणीतरी सांगेपर्यंत कळत नाही. एकदा मुलीला मागे उभी करून तुम्ही सीटवर बसल्यावर दिवा दिसतो का ते विचारा आणि दिसत नसेल तर तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावा.

दिवसाच्या कपड्यांच्या रंगाबद्दल तुम्ही निश्चिंत राहा, कारण इथे शोभा आणि सुरक्षितता यांचे भांडण मुळातच नाही. गर्दीत नजर रंगापेक्षा फरकावर जाते. पुण्याचा रस्ता म्हणजे करडे डांबर, काळ्या-पांढऱ्या गाड्या आणि पावसाळ्यात हिरवीगार झाडे. या पार्श्वभूमीवर पोपटी रंग झाडांत मिसळू शकतो, तर राणी, नारिंगी किंवा गडद हळदी रंग ठसठशीत उठून दिसतो, आणि हे रंग तुमच्या कपाटात आधीपासूनच असतील. सकाळी निघताना राणी रंगाचा कुर्ता घातलात तर तुम्हाला पावती फाडणारी कोणी म्हणणार नाही. काळा, राखाडी आणि निळसर जीन्सचा रंग मात्र सायकलच्या दिवशी टाळा, निदान कमरेच्या वर तरी.

हेल्मेटविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पैसे वाया जाण्याची आणि वाचण्याची सर्वांत मोठी जागा तीच आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटची सक्ती मोटारसायकलसाठी आहे, सायकलस्वाराला ती लागू नाही; तरीही पडल्यावर डोके फरशीच्या कडेवर आपटणे हे कायदा विचारून होत नसते. स्कूटर विकलीत तरी जुने हेल्मेट घरात असेलच, पण ते सायकलवर घालू नका. ते जड असते, त्याला पुरेशी भोके नसतात, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्याच दिवशी तुम्ही ते हँडलला अडकवून जाऊ लागाल. सायकलचे हेल्मेट साधारण अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅमचे असते आणि त्याचा जीव त्यातल्या थर्माकोलसारख्या फोममध्ये असतो. तो फोम स्वतः चुरडून धक्का पितो, आणि एकदा चुरडला की पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही चांगले दिसले तरी टाकून द्यायचे असते.

आत चिकटवलेल्या कागदावर 'ईएन १०७८' हे युरोपीय मानक किंवा 'सीपीएससी' हे अमेरिकी मानक लिहिलेले आहे का ते दुकानात पाहा. युरोपीय मानकाच्या चाचणीत हेल्मेट घातलेले धातूचे डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठभागावर आपटतात, आणि ही परीक्षा दीड हजारांच्या हेल्मेटला आणि पंधरा हजारांच्या हेल्मेटलाही द्यावीच लागते. महाग हेल्मेटमध्ये तुम्ही मुख्यतः कमी वजन, जास्त हवा आणि देखणेपणा यांचे पैसे मोजता. काहींत 'मिप्स' नावाचा एक पातळ सरकता थर असतो; तिरकस आपटल्यावर डोक्याला बसणारा पीळ कमी व्हावा यासाठी तो असतो, आणि बजेटमध्ये बसला तर जरूर घ्या. मात्र त्यापायी मापाशी तडजोड करू नका. हेल्मेट कपाळावर भुवयांच्या दोन बोटे वर यावे, पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळावेत, हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटे जावीत आणि पट्टा न लावता मान हलवली तरी ते घरंगळू नये. भांग दिसावा म्हणून मागे सरकवलेले हेल्मेट आपण पुण्यात रोज पाहतो. ते टोपी म्हणून ठीक आहे.

तुमच्या केसांचा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण बायका हेल्मेट सोडून देतात त्या बहुतेक याच कारणाने. उंच अंबाडा किंवा वर बांधलेली पोनी हेल्मेटला पुढे ढकलते, म्हणून मानेवर सैल वेणी किंवा खाली पोनी बांधावी. ती मागच्या पट्ट्याखालून सहज बाहेर येते. क्लचर आणि लोखंडी पिना मात्र डोक्याच्या मागे ठेवून हेल्मेट कधीही घालू नका. आपटल्यावर फोम ज्या जागी मऊपणे दबायचा त्याच जागी कडक प्लास्टिकचा दात असतो. स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळण्याची आपल्या पुणेरी मुलींची सवय सायकलवर आणताना तो पातळ सुती असावा, गाठ डोक्यामागे येऊ नये आणि कान मोकळे राहावेत. सायकलस्वाराला मागची बस आधी ऐकू येते आणि मग दिसते. पोहोचल्यावर केसांना दोन मिनिटे लागतील, तेवढ्यासाठी एक कंगवा आणि क्लचर टेबलाच्या खणातच ठेवा.

हातमोजे छोटी गोष्ट वाटते, पण पडताना माणूस आधी हातच टेकतो आणि सोललेल्या तळव्याने नोटा मोजणे किती कठीण असते हे तुम्हाला सांगायला नको. अर्ध्या बोटांचे, तळव्याला थोडी गादी असलेले घ्या. हँडल धरून करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या त्या कडेने जाणारी नस दाबली जाते आहे. अशा वेळी नुसत्या मोज्यांवर न राहता हँडल थोडे उंच करून पाहा. डोळ्यांसाठी संध्याकाळी काळा गॉगल नको, पारदर्शक काचेचा चष्मा हवा, कारण रस्त्यांवरची धूळ आणि तिन्हीसांजेचे चिलटे ही दोन्ही नेमकी डोळ्यांतच जातात. चपला आणि टाचेच्या सँडल बंद. सपाट, थोड्या कडक तळाचे, टाचेमागे पट्टा किंवा बंद भाग असलेले काहीही चालेल. क्लिपचे बूट तुमच्यासाठी नाहीत. प्रत्येक सिग्नलला पाय पिळून पेडलमधून सोडवावा लागतो, आणि सवय होईपर्यंत माणूस थांबलेल्या सायकलसकट आडवा होतो, तेही सगळ्यांच्या देखत.

राहिली ती घट्ट पँट. नऊ किलोमीटरला पॅडची गरज नसते. त्या अंतरात बुड दुखत असेल तर आधी सीटची उंची तपासा : सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. सीट उतारावर झुकलेली आहे का तेही पाहा, आणि बायकांची बसण्याची हाडे एकमेकांपासून सहसा जास्त अंतरावर असल्यामुळे सीटचा मागचा भाग पुरेसा रुंद आहे का ते दुकानात बसून ठरवा. फार मऊ, लोण्यासारखी जेलची सीट हातानी दाबून घेऊ नका. तिच्यात हाडे रुततात आणि भार नको तिथे येतो. पुढे कधी रविवारी खडकवासला, मग पानशेत असा हुरूप आलाच तर पॅडची शॉर्ट घ्या, पण ती घालताना आत अंतर्वस्त्र घालायचे नसते, हे दुकानदार संकोचाने बायकांना सांगत नाहीत. शिवणी घासू नयेत हाच त्या पॅडचा उद्देश असतो आणि आतल्या कपड्याच्या शिवणीने तो फुकट जातो. दर वेळी धुऊन उलटी करून उन्हात वाळवावी लागते. वरून सैल थ्री-फोर्थ किंवा लांब कुर्ता घातलात तर लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना तुम्ही भाजीला निघालात की पानशेतला, हे कळायचे कारण नाही.

खर्चाचे म्हणाल तर मी तुमच्या जागी असते तर हेल्मेटला अडीच हजार, दोन्ही दिव्यांना मिळून दोन हजार आणि हातमोजे, चष्मा, घोट्याच्या पट्ट्या आणि पिशवीवर शिवायची रिफ्लेक्टरची टेप यांना हजार-दीड हजार ठेवले असते. त्याच टेपचे दोन आडवे तुकडे पोपटी जॅकेटच्या पाठीवर आणि दंडांवर शिंप्याकडून शिवून घ्या. मग ते रात्रीही कामाचे होईल आणि पावसाळी सकाळीही. उरलेल्या दोन हजारांना जूनपर्यंत हात लावू नका. पावसात सायकलस्वाराला वरून येणाऱ्या पाण्यापेक्षा स्वतःच्या चाकाने उडवलेला चिखल जास्त भिजवतो, म्हणून त्यातून आधी दोन्ही चाकांना लांब मडगार्ड बसवा. स्कूटरवरची रेनकोटची पँट सायकलवर आतून घामाने तितकीच ओली होते आणि तिचा उजवा पाय साखळीत जातो. पाय भिजू द्यावेत, रबरी सँडल घालाव्यात आणि कोरडी लेगिंग पिशवीत घट्ट बांधून न्यावी. वरचे जॅकेट मागे लांब असावे आणि त्याची टोपी हेल्मेटखाली घालू नये, कारण मान वळवल्यावर टोपी जागच्या जागी राहते आणि मागून येणाऱ्या बसच्या जागी तुम्हाला तिचे अस्तर दिसते.